मागणीतून उभ्या राहणाऱ्या डेटाबेसचा कर्ता कोण?

अनेक संगणकांवर प्रोग्राम चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीच्या क्लस्टरला एक छोटी यॅमल फाइल दिली जाते. अमुक नावाचा, अमुक आवृत्तीचा, इतक्या साठवणुकीचा पोस्टग्रेस डेटाबेस असावा, एवढेच त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. क्लस्टर ती स्वीकारतो आणि थोड्या वेळाने क्लस्टरच्या बाहेर, एखाद्या क्लाउड पुरवठादाराच्या मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या केंद्रात, तो डेटाबेस खरोखर उभा राहतो. त्याचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड क्लस्टरमध्ये येऊन पडतात. मधल्या काळात ‘हा डेटाबेस तयार करा’ असे पुरवठादाराला कोणत्याही माणसाने सांगितलेले नसते. यातून तीन प्रश्न निघतात. हा डेटाबेस कोणी घडवला? मागितलेले आणि घडलेले यांत फरक पडला तर चूक कोणत्या बाजूची मानायची? आणि तो नाहीसा झाला तर जाब कोणाला विचारायचा? वरवर पाहता हे प्रश्न अभियंत्यांचे आहेत. पण इच्छा, कृती, कर्ता आणि फल यांचा एकमेकांशी संबंध काय, हा दर्शनांचा जुना प्रश्न आहे आणि त्यावर झालेला विचार इथे थेट उपयोगी पडतो.

व्यवस्थेची घडण

गूगलने जून २०१४ मध्ये कुबरनेटीस जाहीर केले आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. या व्यवस्थेत प्रत्येक वस्तूच्या नोंदीचे मुख्यतः दोन भाग असतात. काय असावे हे ‘स्पेक’ या भागात लिहिलेले असते आणि काय आहे हे ‘स्टेटस’ या भागात. दोन्ही भाग एटसीडी नावाच्या कोठारात जपले जातात. कंट्रोलर नावाचा प्रोग्राम सतत एकच फेरा घालत असतो: असलेली स्थिती पाहायची, हव्या असलेल्या स्थितीशी ताडायची आणि तफावत मिटेल अशी एखादी कृती करायची. हा फेरा एखाद्या सूचनेवर विसंबून नसतो. मधली एखादी सूचना हरवली तरी पुढच्या फेऱ्यात तफावत दिसतेच आणि काम पुढे सरकते.

सुरुवातीला हे सारे क्लस्टरच्या आतल्या वस्तूंपुरते होते. बाहेरच्या वस्तूंपैकी आधी साठवणूक आली. मागणी नोंदवताच डिस्क आपोआप तयार होण्याची सोय २०१७ च्या १.६ आवृत्तीत पक्की झाली. त्याच वर्षी १.७ आवृत्तीने नवे प्रकार स्वतः ठरवण्याची आजची पद्धत आणली आणि २०१९ मध्ये १.१६ आवृत्तीत ती स्थिर झाली. एखादी सेवा चालवण्याचे माणसाचे ज्ञान कंट्रोलरमध्ये उतरवावे, ही ‘ऑपरेटर’ची कल्पना कोअरओएस या कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये मांडली. बाहेरच्या सेवा मध्यस्थामार्फत मागवणारा ‘सर्व्हिस कॅटलॉग’ हा प्रकल्प त्याच सुमारास सुरू झाला, पण तो रुजला नाही आणि २०२२ मध्ये बंद करण्यात आला. डिसेंबर २०१८ मध्ये आलेले क्रॉसप्लेन, ॲमेझॉनचे कंट्रोलर, गूगलचे कॉन्फिग कनेक्टर आणि मायक्रोसॉफ्टचे अझ्युर सर्व्हिस ऑपरेटर ही अशा सेवा क्लस्टरमधून मागवण्याची आजची प्रमुख साधने आहेत.

डेटाबेस क्लस्टरच्या बाहेर ठेवण्यामागचे कारण साधे आहे. क्लस्टर मोडून पुन्हा उभारता येतो, माहिती तशी उभारता येत नाही. शिवाय बॅकअप, प्रतिकृती आणि दुरुस्त्या यांची जबाबदारी पुरवठादार घेतो. पूर्वी असा डेटाबेस हवा असल्यास संबंधित विभागाकडे विनंती नोंदवावी लागे आणि तिथला माणूस तो स्वतः तयार करून देई. स्वयंचलनाने हा खोळंबा संपवला. पण ‘हे यांनी केले’ असे बोट दाखवता येईल असा माणूसही त्याबरोबरच नाहीसा झाला.

दोन याद्या

स्पेक आणि स्टेटस यांच्यातला भेद तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकम यांच्या १९५७ च्या ‘इंटेन्शन’ या पुस्तकातील एका उदाहरणाने स्वच्छ दिसतो. एक माणूस यादी घेऊन बाजारात जातो आणि यादीप्रमाणे वस्तू विकत घेतो. त्याच्या मागावर असलेला गुप्तहेर, तो काय काय घेतो, याची यादी करत असतो. शेवटी दोन्ही याद्या अक्षरशः सारख्या असू शकतात. तरीही पिशवीत आणि यादीत फरक निघाला तर पहिल्याची चूक खरेदीत असते आणि दुसऱ्याची चूक यादीत असते. गुप्तहेराने यादी सुधारली की त्याचे काम बरोबर होते. खरेदी करणाऱ्याने यादीतला शब्द खोडून भागत नाही, त्याला पुन्हा दुकानात जावे लागते. एक यादी जगाने पाळायची असते, दुसरीने जगाला पाळायचे असते.

स्पेक ही पहिल्या प्रकारची यादी आहे आणि स्टेटस दुसऱ्या प्रकारची. म्हणूनच कोणी पुरवठादाराच्या पडद्यावर जाऊन डेटाबेसची एखादी सेटिंग हाताने बदलली तर कंट्रोलर ती मूळ जागी आणतो. त्याच्या लेखी चूक जगाची असते. मध्यरात्री सेवा कोलमडताना एखाद्याने समजून-उमजून केलेला तातडीचा बदलही तो त्याच निष्ठेने पुसून टाकतो, कारण बदल कोणत्या हेतूने झाला हे त्याला दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त तफावत असते.

प्रत्यक्षात मात्र दोन याद्यांची सीमा इतकी स्पष्ट राहत नाही. मागणीत न लिहिलेल्या गोष्टी पुरवठादार स्वतःच्या रिवाजाप्रमाणे ठरवतो. क्रॉसप्लेनमध्ये अशी मूल्ये पुरवठादाराकडून वाचून स्पेकमध्येच भरली जाण्याची सोय आहे. म्हणजे जगात जे घडले ते इच्छेच्या यादीत जाऊन बसते आणि पुढच्या फेऱ्यापासून तीच मूळ इच्छा होती असे मानले जाते. कोणी न मागितलेली गोष्ट मागितलेली ठरते.

याच्या उलट टोकाची अडचण साठवणुकीची. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेत साठवणूक गरजेप्रमाणे आपोआप वाढवता येते, पण वाढलेली साठवणूक त्याच डेटाबेसवर थेट कमी करता येत नाही. मागणीत जुना, लहान आकडा तसाच राहिला आणि कंट्रोलर त्याच आकड्यावर अडून बसला तर तो दर फेऱ्याला अशक्य गोष्ट मागत राहतो आणि दर फेऱ्याला त्याला नकार मिळतो. इच्छेने जगाकडून काहीच शिकायचे नाही असे ठरवले की ती आंधळी होते. सगळेच जगाकडून उचलले की ती इच्छा उरत नाही, केवळ नोंद होते. कोणत्या बाबतीत मागणी प्रमाण आणि कोणत्या बाबतीत वस्तुस्थिती प्रमाण, हे आधी ठरवावे लागते. कंट्रोलर ते ठरवू शकत नाही.

विधी आणि त्याच्या तीन आकांक्षा

मागणी करणारे वाक्य कृती कशी घडवून आणते, या प्रश्नाभोवती पूर्वमीमांसा या दर्शनाचा मोठा भाग उभा आहे. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांच्या परंपरेनुसार विधिवाक्यातून पुरुषाचा फल घडवून आणणारा व्यापार सांगितला जातो. त्याला आर्थी भावना म्हणतात. या भावनेला तीन आकांक्षा असतात: काय साधायचे, कशाने साधायचे आणि कसे साधायचे. दर्शपूर्णमास या यज्ञाच्या विधीत स्वर्ग हे साध्य, याग हे साधन आणि प्रयाजादी अंगे ही इतिकर्तव्यता. लौगाक्षी भास्करांच्या ‘अर्थसंग्रह’ या मीमांसेच्या प्रचलित पाठ्यग्रंथात हीच मांडणी येते. तिन्ही आकांक्षा पुऱ्या झाल्याशिवाय विधी पूर्ण होत नाही.

डेटाबेसची मागणी करणारी फाइल या तिन्हींपैकी पहिलीच पुरी करते. ‘काय’ तेवढे तिच्यात असते. ‘कशाने’ आणि ‘कसे’ दुसऱ्यांनी लिहिलेले असते. क्रॉसप्लेनमध्ये कॉम्पोझिशन नावाच्या लेखात हा भाग येतो: कोणत्या पुरवठादाराची कोणती सेवा वापरायची, कोणत्या नेटवर्कमध्ये ती ठेवायची, दार कोणाला उघडे असावे, बॅकअप किती दिवस जपायचे. मागणी करणाऱ्या विकासकाने हा लेख बहुधा वाचलेला नसतो, आणि तो वाचण्याची गरज पडू नये हाच या व्यवस्थेचा हेतू असतो. फक्त ‘काय’ सांगणारी शैली सोपी वाटते कारण उरलेल्या दोन आकांक्षा आधीच कोणीतरी पुऱ्या करून ठेवलेल्या असतात. त्या नाहीशा झालेल्या नसतात.

विधिवाक्य स्वतःहून काही करत नाही, ते समजून प्रवृत्त होणारा पुरुष लागतो, हेही मीमांसेत गृहीत आहे. इथे त्याचा जवळजवळ प्रयोगच पाहायला मिळतो. नवा प्रकार क्लस्टरमध्ये नोंदवला पण त्याचा कंट्रोलर चालू नसला तरी क्लस्टर मागणी स्वीकारतो, तिची रचना तपासतो आणि ती जपून ठेवतो. त्यापुढे काही होत नाही. महिनोन्महिने ती मागणी तशीच पडून राहू शकते. मागणी नोंदवली गेली याचा अर्थ ती पुरी होऊ लागली असा होत नाही.

यज्ञ आज संपतो आणि स्वर्ग नंतर मिळतो. मग संपलेली कृती पुढचे फल कसे देते, या अडचणीवर मीमांसकांनी ‘अपूर्व’ या अदृश्य शक्तीचा तोडगा काढला. कुबरनेटीसमध्ये ही अडचण वेगळ्या रीतीने सुटते, कारण इथे मागणी संपतच नाही. ती कोठारात जागी राहते आणि डेटाबेस तयार झाल्यावरही प्रत्येक फेऱ्यात पुन्हा लागू होते. आज्ञा एकदा दिली की संपते, मागणी मात्र मागे घेईपर्यंत चालू असते. मागणी करणाऱ्याची जबाबदारीही म्हणूनच फाइल दिल्याच्या क्षणी संपत नाही. मागणी जोवर उभी आहे तोवर तो ती करतच असतो.

विधी कोणाला लागू होतो हा अधिकाराचा प्रश्न. जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात त्याची चर्चा आहे. फलाची इच्छा असणे पुरेसे नाही, कर्म जाणण्याची आणि करण्याची क्षमताही लागते, असा तिथला विचार आहे. परंपरेने हा अधिकार जन्माशीही बांधला. तो अन्यायच होता आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. इच्छेला क्षमतेची जोड असावी, हा मूळ मुद्दा मात्र इथे उपयोगी आहे. क्लस्टरमध्ये कोण काय मागू शकतो हे भूमिकांच्या नियमांनी ठरते. पुरवठादाराकडे प्रत्यक्ष कृती करण्याची परवानगी कंट्रोलरच्या नावावर असते. ज्याला पुरवठादाराच्या खात्यात पाऊलही ठेवता आले नसते असा विकासक, कंट्रोलरच्या परवानगीच्या आधारे, तिथे डेटाबेस उभा करतो. मागण्याचा अधिकार एकाकडे आणि करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असतो. कंट्रोलरला गरजेपेक्षा जास्त परवानगी दिली तर प्रत्येक मागणाऱ्याच्या हाती नकळत तेवढीच शक्ती जाते.

क्लस्टरच्या सीमेवर

क्लस्टरच्या आत मागणीला राजाज्ञेचे बळ असते. एखादा पॉड, म्हणजे चालू प्रोग्रामचे एक एकक, नष्ट झाला तर दुसरा तयार होतो आणि दोघांत फरक करण्याचे कारण नसते. सीमेबाहेर हे बळ संपते. तिथे दुसऱ्याची व्यवस्था असते. ती विनंती ऐकते, नाकारते, उशीर करते आणि कधी उत्तरच देत नाही. सीएफइंजिन या स्वयंचलन साधनाचे जनक मार्क बर्जेस यांनी पुढे मांडलेल्या ‘प्रॉमिस थिअरी’चा गाभा असा की स्वायत्त घटक फक्त स्वतःच्या वागण्याविषयी वचन देऊ शकतो, दुसऱ्यावर वागणे लादू शकत नाही. बाहेरच्या डेटाबेसची मागणी या दृष्टीने दोन वचनांची साखळी आहे. ‘मी सतत विनंती करत राहीन आणि उत्तर नोंदवीन’ हे कंट्रोलरचे वचन. ‘योग्य विनंतीला मी अमुक सेवा देईन’ हे पुरवठादाराचे. पहिले वचन तंतोतंत पाळले गेले तरी फल मिळेलच याची हमी नाही.

छांदोग्य उपनिषदात आत्म्याला सत्यसंकल्प म्हटले आहे. त्याचा संकल्प आणि सिद्धी यांच्यामध्ये काही आड येत नाही. माणसाच्या संकल्पाला साधनांतून जावे लागते आणि साधने चुकू शकतात. कुबरनेटीसची रचना वापरणाऱ्याला काही काळ पहिल्या प्रकारचा अनुभव देते: लिहिले आणि झाले. बाहेरचा डेटाबेस मागताना तो अनुभव खरा नसतो, आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला पहिला धक्का सीमेवरच बसतो.

या सीमेवरची सर्वांत नाजूक वेळ निर्मितीची असते. कंट्रोलर पुरवठादाराला ‘डेटाबेस तयार करा’ अशी विनंती पाठवतो आणि उत्तर येण्याआधी स्वतःच बंद पडतो. पुन्हा सुरू झाल्यावर डेटाबेस तयार झाला की नाही हे त्याला माहीत नसते. नाव आधीपासून ठरलेले असेल तर त्या नावाने शोध घेता येतो. पण ओळख पुरवठादार देणार असेल आणि ती कळण्याआधीच बंद पडणे घडले असेल, तर पुन्हा विनंती केल्यास दुसरी वस्तू तयार होण्याची आणि पहिली बेवारस राहून तिचे भाडे चालू राहण्याची शक्यता असते.

क्रॉसप्लेनने यावर काढलेला उपाय तत्त्वाच्या दृष्टीनेही लक्षात घेण्यासारखा आहे. निर्मितीची विनंती पाठवण्याआधी ‘निर्मिती सुरू आहे’ अशी खूण नोंदीवर केली जाते आणि निकाल कळल्यावर यशाची किंवा अपयशाची दुसरी खूण होते. पहिली खूण आहे आणि तिच्यानंतरची दुसरी नाही, असे आढळले तर कंट्रोलर पुढे जात नाही. निर्मितीचा निकाल ठरवता येत नाही, असे तो कळवतो, आणि माणसाने पुरवठादाराकडे पाहून खूण काढेपर्यंत थांबतो. ज्ञान नाही तिथे कृती थांबवायची, ही शिस्त यंत्रात मुद्दाम घालावी लागली आहे. नुसती चिकाटी हा गुण नाही, हेच त्यातून दिसते.

कर्तृत्वाचे तीन घटक

न्यायदर्शनात कर्त्याचे लक्षण काटेकोर आहे. कार्य ज्या उपादानातून घडणार त्याचे प्रत्यक्ष ज्ञान, कार्य करण्याची इच्छा आणि त्यासाठीचा प्रयत्न, ही तिन्ही ज्याच्या ठायी आहेत तो कर्ता. घडा घडवणाऱ्या कुंभाराच्या ठिकाणी ती एकत्र असतात. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराचे अनुमान करताना याच धाग्याचा आधार घेतला: जग हे कार्य आहे, म्हणून त्यालाही असा कर्ता असला पाहिजे. त्यावर विरोधकांनी आक्षेप घेतला की महालासारख्या मोठ्या वस्तू अनेकांच्या हातून घडतात. मग कार्य आहे एवढ्यावरून कर्ता एकच असल्याचे कसे सिद्ध होते?

डेटाबेसच्या निर्मितीत हा आक्षेप आणखी पुढे जातो. महालाच्या बाबतीत कर्ते अनेक असले तरी प्रत्येक गवंड्याच्या ठिकाणी त्याच्या कामापुरते तिन्ही घटक असतात. इथे तिन्ही घटकच वेगवेगळ्या ठिकाणी वाटले गेले आहेत. इच्छा विकासकाची असते, पण उपादानाचे ज्ञान त्याला नसते. ज्ञान कॉम्पोझिशन लिहिणाऱ्या गटाचे असते, पण हा विशिष्ट डेटाबेस व्हावा अशी त्या गटाची इच्छा नसते; अनेकदा त्याला तो झाल्याचे कळतही नाही. प्रयत्न कंट्रोलरचा दिसतो, पण न्यायाच्या मते ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न हे आत्म्याचे गुण आहेत, म्हणून कंट्रोलर कर्ता ठरत नाही, करण, म्हणजे साधन, ठरतो. कोणाच्याही ठिकाणी लक्षण पुरते लागू होत नाही. कार्य मात्र समोर उभे आहे.

यावर तीन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर असे की कंट्रोलरलाच कर्ता मानावे, कारण कधी पुन्हा प्रयत्न करायचा, किती थांबायचे, कोणती पायरी आधी घ्यायची हे तोच ठरवतो. हे उत्तर टिकत नाही. हे सगळे निर्णय त्याच्या नियमांत आधीच लिहिलेले असतात, आणि त्याच्याकडून जाब घेण्याला काही अर्थ नसतो. दुसरे उत्तर असे की कर्ताच नाही, घटना आपोआप घडली. हे त्याहून घातक आहे, कारण दर अपघातानंतर ‘सिस्टीमने केले’ म्हणून हात झटकण्याची वाट त्यातूनच निघते. तिसरे उत्तर पाणिनीच्या व्याकरणातून सुचते. तिथे क्रियेत स्वतंत्र असलेला तो कर्ता, आणि त्याला प्रवृत्त करणारा प्रयोजक हाही कर्ताच. करणारा आणि करवणारा दोघेही कर्तृत्वात मोडतात. करणारा जितका यंत्रवत, तितका करवणाऱ्याचा वाटा मोठा.

गीतेचा अठरावा अध्याय कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना चेष्टा आणि दैव. एकट्या स्वतःला कर्ता मानणारा नीट पाहत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा विचार अहंकार घालवण्यासाठी आहे, जबाबदारी घालवण्यासाठी नाही. अर्जुनाला शेवटी निर्णय घ्यावाच लागतो. पुरवठादाराकडे त्या क्षणी जागा शिल्लक नसणे हे दैवाच्या सदरात घालता येईल. अशी वेळ येऊ शकते हे ठाऊक असूनही तयारी न ठेवणे त्या सदरात बसत नाही.

भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याच प्रश्नाला व्यवहाराच्या पातळीवर भिडतो. माहितीवरील प्रक्रियेचा हेतू आणि साधने जो ठरवतो त्याच्यावर हा कायदा मुख्य जबाबदारी ठेवतो. प्रत्यक्ष प्रक्रिया दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने केली तरी ती जबाबदारी सुटत नाही. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचे तर कायद्याने इच्छा आणि ज्ञान यांना धरले आहे, प्रयत्नाला नाही. हे योग्यच आहे. प्रयत्न यंत्राकडे सोपवता येतो. काय हवे आणि ते कोणत्या मार्गाने हवे, हे ठरवण्याचा भार तसा सोपवता येत नाही.

निर्मिती आणि नाश

जबाबदारीची खरी कसोटी डेटाबेस काढून टाकताना लागते. निर्मिती आणि नाश ही एकाच रेषेची दोन टोके आहेत असे या व्यवस्थेत वाटते: मागणी आली की वस्तू येते, मागणी गेली की वस्तू जाते. पॉडसाठी हे अगदी बरोबर आहे. डेटाबेससाठी नाही. मागणीतून पात्र तयार होते, आत साठणारी माहिती मागणीतून येत नाही. लोकांची खाती, रुग्णांच्या नोंदी, पैशांचे व्यवहार पात्रात हळूहळू, माणसांच्या वागण्यातून जमा होतात. तीच फाइल पुन्हा दिली तर तसेच पात्र पुन्हा मिळते, पण रिकामे. दोन स्थितींत स्पेकच्या दृष्टीने काहीही फरक नसतो. यादीत लिहिलेले सर्व पिशवीत असते आणि तरीही सर्वस्व गेलेले असते. घोषणेवर चालणाऱ्या पद्धतीची मर्यादा इथे आहे. ज्याची घोषणाच करता येत नाही त्याचे रक्षण ती घोषणेने करू शकत नाही.

नाश किती दुरून ओढवू शकतो हेही ध्यानात घ्यावे लागते. एक नेमस्पेस, म्हणजे क्लस्टरमधला एक कप्पा, काढला की त्यातल्या सर्व मागण्या जातात. एखाद्या प्रकाराची व्याख्याच काढली तर त्या प्रकारच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, आणि धोरण तसे असेल तर त्यामागचे खरे डेटाबेसही. फाइलींच्या भांडारातून एक फाइल दुसरीकडे हलवल्यावर, भांडारात नसलेले क्लस्टरमधून काढून टाकण्यासाठी नेमलेले साधन तिला रद्द झालेली समजू शकते. यांपैकी एकाही प्रसंगी ‘डेटाबेस नष्ट व्हावा’ अशी इच्छा कोणाच्या मनात नसते. तरी कंट्रोलरच्या लेखी मागणीचा अभाव आणि नाशाची मागणी यांत अंतर नसते. माणसाच्या व्यवहारात ते अंतर फार मोठे आहे: एखादी गोष्ट मागणे थांबवणारा माणूस ती मोडून टाका असे सांगत नसतो.

हे अंतर व्यवस्थेत परत आणण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. ‘फायनलायझर’ ही खूण असेपर्यंत नोंद पूर्णपणे पुसली जात नाही. बाहेरची वस्तू आवरण्यासाठी किंवा थांबण्यासाठी त्यामुळे वेळ मिळतो. क्रॉसप्लेनमध्ये आणि ॲमेझॉनच्या कंट्रोलरमध्ये, नोंद गेली तरी बाहेरची वस्तू राहू द्यावी, असे धोरण ठरवता येते. पुरवठादाराच्या बाजूला नाशापासून संरक्षण देणारे कुलूप असते. ते उघडल्याशिवाय काढून टाकण्याची विनंती मान्य होत नाही. काढण्यापूर्वी शेवटची प्रत घेण्याचीही सोय असते. या साऱ्यांचा अर्थ एकच: नाशासाठी वेगळी, स्पष्ट आणि माणसाची इच्छा लागावी. राहू देण्याच्या धोरणाची किंमतही आहे. मालक नसलेले डेटाबेस मागे उरतात, त्यांचे भाडे चालू राहते आणि त्यांतली वैयक्तिक माहिती कोणाच्याही देखरेखीविना पडून राहते. पण बेवारस डेटाबेस पुढे शोधून आवरता येतो. प्रत नसताना पुसलेली माहिती परत येत नाही. ज्या दोन चुकांपैकी एक सुधारता येते आणि दुसरी येत नाही, त्यांना सारखे वजन देणे बरोबर नाही.

प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा करण्यातही कर्तृत्वाचा प्रश्न येतो. आरडीएसमध्ये प्रतीवरून पुनर्स्थापना केली की जुना डेटाबेस जिवंत होत नाही, नवा तयार होतो. त्याची ओळख आणि पत्ता नवे असतात. माहिती जुनी आणि वस्तू नवी, अशा या डेटाबेसला मूळ मागणीशी जोडायचे का, हे कंट्रोलर स्वतः ठरवत नाही. नव्या वस्तूची ओळख नोंदीत लिहून ‘हीच ती’ असे सांगावे लागते, आणि ती ग्वाही माणसाची असते.

निष्कर्ष

सुरुवातीच्या तीन प्रश्नांची उत्तरे आता देता येतात. असा डेटाबेस कोणा एकाने घडवलेला नसतो. पण त्याला कर्ता नाही असेही नाही. इच्छा धरणारा आणि मार्ग लिहून ठेवणारा हे दोघे मिळून त्याचे कर्ते आहेत आणि कंट्रोलर त्यांचे करण आहे. मागितलेले आणि घडलेले यांत फरक पडला तर कोणती बाजू सुधारायची हे प्रत्येक बाबीसाठी आधी ठरवलेले असावे, कारण यंत्राला फक्त तफावत दिसते, तिचे कारण दिसत नाही. आणि डेटाबेस नाहीसा झाल्याचा जाब, त्याची मागणी उभी करणाऱ्याने आणि ती मागे घेतल्यावर काय व्हावे याचे धोरण लिहिणाऱ्याने द्यायचा आहे.

यातून काही कर्तव्ये निघतात. प्रत्येक मागणीवर तिच्या धन्याचे नाव असावे आणि तो बदलला की नावही बदलावे. कॉम्पोझिशन लिहिणाऱ्यांनी आपल्या लेखातून काय काय उभे राहिले आहे यावर नजर ठेवावी, कारण ज्ञान त्यांचे आहे. कंट्रोलरला लागेल तेवढीच परवानगी द्यावी. आणि माहिती साठवणाऱ्या वस्तूंचा नाश निर्मितीइतका सोपा कधीच ठेवू नये. स्वयंचलन माणसाचे कष्ट घेते आणि ते त्याने घ्यावेत. कष्ट करणारा बदलला म्हणून उत्तर देणारा बदलत नाही, एवढे मात्र ती व्यवस्था वापरणाऱ्या प्रत्येकाने आधीच मान्य केले पाहिजे.